माळावरचे अवलिये

मृगाचे पहिले दोन-तीन सडे पडले की तिसगावच्या माळावर लाल ठिपके चालू लागतात. आठवडाभरापूर्वी ज्या मुरमात गवताची काडी नव्हती, त्याच मुरमातून हरभऱ्याच्या दाण्याएवढा, लालभडक मखमलीचा गोळा बाहेर येतो. तळहातावर घेतला तर क्षणभर पाय आखडून गप्प बसतो आणि मग हळूच चालू लागतो. पाठीवरून बोट फिरवले की खरोखर मखमलच लागते. शाळेच्या वाटेवरची पोरे त्याला काडेपेटीत ठेवतात, दोन दिवस सांभाळतात आणि सोडून देतात. हा मृगाचा किडा. पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे तो कीटक नाहीच. कोळी, विंचू, गोचीड यांच्या भावकीतला आहे.

वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो. पावसाने माती ओली झाली की जोडीदार शोधायला आणि वाळवीसारखे भक्ष्य पकडायला वर येतो. ऊन चढले की पुन्हा खाली. त्याची पिल्ले लहानपणी नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितात आणि मोठी झाली की शिकारी बनतात. इतका भडक रंग घेऊन उघड्या माळावर फिरणाऱ्या जीवाला पक्षी का टिपत नाहीत? कारण तो चवीला वाईट आहे आणि लाल रंग हीच त्याची ताकीद आहे. माणूस मात्र या ताकिदीला जुमानत नाही. कुठल्याशा तेलात घालायला हे किडे गोळा करून, वाळवून विकले जातात.

विचित्र प्राणी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दूरदेशचे जीव उभे राहतात. बदकाची चोच आणि अंगावर फर असलेला, अंडी घालून पिल्लांना दूध पाजणारा ऑस्ट्रेलियाचा प्लॅटिपस त्यात हमखास असतो. १७९९ साली जॉर्ज शॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञासमोर त्याचे कातडे आले, तेव्हा कुणीतरी चोच शिवून थट्टा केली असेल अशी त्याला शंका आली होती. पण ज्याने मृगाचा किडा तळहातावर घेतला आहे, त्याने नवल पाहायला ऑस्ट्रेलियापर्यंत जाण्याची गरज नाही. या लेखात आढावा घेतला आहे तो इथल्या अवलियांचा. थोडे तिसगावच्या माळावरचे, थोडे नगर जिल्ह्यातले आणि काही उर्वरित महाराष्ट्रातले.

नगरहून पाथर्डीकडे निघाले की करंजी घाट उतरून तिसगाव लागते. दक्षिणेला गर्भगिरीच्या रांगा, त्यांच्या कुशीत वृद्धेश्वर आणि पलीकडे कानिफनाथांची मढी. सह्याद्रीने अडवलेल्या पावसातले जे उरते ते या भागाच्या वाट्याला येते. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलीमीटर, आणि तेही आले तर. बाजरी, ज्वारी, तूर आणि दिवाळी झाली की कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोडीच्या गाड्या, असे पाथर्डी तालुक्याचे वर्ष. इथे उघडा मुरूम, बोरी-बाभळी आणि पावसाळ्यात चार महिने तग धरणारे गवत असलेल्या जमिनीला सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणतात. झाड नाही म्हणजे काहीच नाही, अशी समजूत त्या शब्दात आहे. ती साफ चुकीची आहे. आठ महिने पाणी नाही, सावली नाही, लपायला जागा नाही, अशा ठिकाणी जगायचे तर प्राण्याला काहीतरी वेगळी युक्ती करावीच लागते. आपल्याला जे विचित्र दिसते, ती बहुतेक वेळा ही युक्ती असते.

मांडूळ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण, आणि सर्वांत दुःखाचेही.

नांगरटीला किंवा विहिरीच्या कडेला माती उकरताना तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, हातभर किंवा त्याहून थोडा लांब साप निघतो. दोन्ही टोके सारखीच बोथट. डोके कुठले आणि शेपूट कुठली हे पटकन कळत नाही, म्हणून नाव पडले दुतोंड्या. सहा महिने एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, ही गोष्ट महाराष्ट्राच्या गावोगाव ऐकायला मिळते. प्रत्यक्षात तोंड एकच. नीट पाहिले तर एका टोकाला बारीक डोळे आणि तोंडाची आडवी फट दिसते, दुसऱ्या टोकाला काहीच नसते. मात्र त्या दुसऱ्या टोकावर बऱ्याचदा जुन्या जखमांचे वण असतात. मुंगूस किंवा दुसरा शत्रू समोर आला की मांडूळ अंगाचे वेटोळे करून डोके खाली लपवते आणि शेपूट डोक्यासारखी पुढे करते. चावा शेपटीवर बसतो, जीव वाचतो. दोन तोंडांची गोष्ट माणसाने रचण्याआधी ती मांडुळाने शत्रूंना पटवून दिलेली होती.

हा साप बिनविषारी आहे. स्वभावाने इतका मंद की हाताळला तरी सहसा चावत नाही. खातो उंदीर, तेही बिळात शिरून आणि आवळून. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. ज्वारीच्या शेतात असा पाहुणा राहत असेल तर त्या शेतकऱ्याने खुशाल निर्धास्त असावे.

घडते मात्र उलटे. मांडूळ घरात ठेवले की गुप्तधन सापडते, पैशाचा पाऊस पडतो, जितके वजन जास्त तितकी किंमत जास्त, अशा थापांवर एक मोठा काळा बाजार उभा आहे. वजन वाढावे म्हणून या सापांना बळजबरीने खाऊ घातले जाते. मराठी वर्तमानपत्रांत ‘मांडुळाची तस्करी, टोळी जेरबंद’ ही बातमी वर्षभर कुठून ना कुठून येतच असते. लाखो रुपयांचे आकडे छापले जातात आणि ते वाचून आणखी कुणीतरी माती उकरायला निघतो. त्या आकड्यांमागे खरे गिऱ्हाईक बहुधा नसतेच. एक फसवलेला माणूस दुसऱ्याला फसवत राहतो आणि साप पोत्यात गुदमरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा आहे. दोन्ही असूनही मांडूळ सुटलेले नाही. या जिवाचा गुन्हा एवढाच की त्याची शेपूट डोक्यासारखी दिसते.

घोरपडीची गोष्ट याच वाटेने जाते. कोंढाणा आणि तानाजी मालुसरे यांच्यासोबत पोवाड्यातली यशवंती घोरपड मराठी मनात पक्की बसली आहे. दोराला माणसे लोंबकळतील इतका भार घोरपड पेलत नाही, हे कुणीही सांगेल. पण त्या कथेचे बीज खोटे नाही. घोरपड खडकाच्या फटीत शिरली की नख्या रुतवते आणि अंग फुगवून अशी घट्ट बसते की ओढून निघत नाही. तिच्या टाळूवर, डोक्याच्या मध्यभागी, एक फिकट खवला असतो. त्याखाली प्रकाश जाणणारा अवयव आहे. चित्र दिसत नाही, पण उजेड-सावलीचा फरक कळतो. तिसरा डोळाच म्हणायचा. जीभ सापासारखी दुभंगलेली, सतत आत-बाहेर करणारी. ती हवेतले गंधाचे कण तोंडात नेते आणि त्यावरून कुजलेले जनावर, अंडी, उंदीर कुठे आहेत हे तिला उमगते.

घोरपड पिढ्यान्‌पिढ्या मांसासाठी मारली गेली. खंडोबाच्या जागरणातली दिमडी आणि गोव्याचे घुमट तिच्या कातड्याने मढवले जात. आता दोन्हींसाठी बकऱ्याचे कातडे वापरता येते, वापरलेही जाते, आणि गाणे काही थांबलेले नाही. याहून वाईट प्रकार ‘हाथाजोडी’चा. हात जोडल्यासारख्या दिसणाऱ्या या वस्तूला दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून, लक्ष्मी येते असे सांगून, बाजारात आणि इंटरनेटवरही विकले गेले. २०१७ साली हे प्रकरण उघड झाले. प्रयोगशाळेत तपासल्यावर ती वस्तू नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय निघाली. देव्हाऱ्यात ठेवून जिला हळदकुंकू वाहिले, ती वस्तू काय होती हे कळल्यावर अनेक घरांत काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही.

खवले मांजर दिसणे आता नशिबाची गोष्ट झाली आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत कौलांसारखे एकावर एक खवले, दात एकही नाही, आणि मुंग्या-वाळवी टिपणारी लांबच लांब चिकट जीभ. संकट आले की ते अंगाचा चेंडू करते. तो चेंडू वाघ-बिबट्यालाही सहसा उलगडता येत नाही, पण माणूस मात्र तो सरळ उचलून पिशवीत टाकतो. लाखो वर्षे उपयोगी पडलेली युक्ती माणसापुढे हरली. नावात मांजर असल्याबद्दल प्राणिशास्त्राची पुस्तके हसतात, पण आनुवंशिकतेच्या अभ्यासातून निघाले ते असे की या प्राण्याचे जवळचे नातलग मांसाहारी गणातले, म्हणजे मांजर-कुत्र्यांच्या घराण्यातले आहेत. दक्षिण अमेरिकेच्या मुंगीखाऊशी त्याचे साम्य वरवरचेच. आपल्या पूर्वजांनी नाव ठेवताना फार मोठी चूक केलेली नाही.

त्याच्या खवल्यांत आहे काय? आपल्या नखात असते तेच केराटिन. औषधी गुण शून्य. तरीही जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांत खवले मांजराची गणना होते. २०१६ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या सर्व जातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने खवले मांजर वाचवण्यासाठी वेगळा रस्ता धरला. हीच संस्था २००६पासून वेळासच्या कासव महोत्सवासाठी ओळखली जाते. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव झाला. ग्रामदैवताच्या परंपरेत खवले मांजराची प्रतिकृती वाजतगाजत आली आणि शिकार करणार नाही असे गावाने ठरवले. बंदीच्या पाटीपेक्षा पालखी लोकांच्या जवळची असते. गर्भगिरीच्या परिसरातल्या यात्रांनी हे उदाहरण जरूर उचलावे.

यात्रेचा विषय निघालाच आहे तर मढीत थांबायला हवे. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणाऱ्या कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. वडार, कैकाडी, बेलदार, गोपाळ, वैदू अशा समाजांची माणसे इथे जमत आली आहेत. दात पाहून वय ठरते, पाय आणि पाठ चाचपली जाते, काठेवाडी जनावराला भाव अधिक मिळतो. गाढवाला कुणी विचित्र प्राण्यांच्या यादीत घालणार नाही, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ७,००० वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत हा प्राणी माणसाळला. अंगातले पाणी बरेच आटले तरी तो चालत राहतो आणि पाणी मिळताच काही मिनिटांत तूट भरून काढतो. मोठे कान अंगातली उष्णता बाहेर टाकतात. ट्रॅक्टर आणि डंपर आल्यापासून हा बाजार ओसरत चालला आहे.

सरड्याकडे वळू. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर जाऊन यावे. तिथे दगडावर उभा राहिलेला, बोटभर लांबीचा मातकट सरडा अचानक गळ्याखालचा पंखा उघडतो आणि निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग उन्हात झळकतात. पंखा मिटला की पुन्हा मातकट. फक्त नराला हा पंखा असतो आणि तो माद्यांना बोलावण्यासाठी व दुसऱ्या नराला बजावण्यासाठी उघडतो. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी या सरड्यांचा अभ्यास करून त्यांची वेगळी प्रजाती (जीनस) मांडली आणि तिला शास्त्रीय नाव दिले ‘सरडा’. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत आता या प्राण्याचे नाव घ्यायचे तर मराठी शब्दच उच्चारावा लागतो. चाळकेवाडीच्या जातीचे पूर्ण नाव ‘सरडा सुपर्बा’.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत आणि त्यांनी सरड्याच्या आयुष्यात काय केले, हे २०१८ साली मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून कळले. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. ससाणे-घारी नाहीत म्हटल्यावर सरड्यांची संख्या वाढली, ते धीट झाले, माणूस अगदी जवळ आला तरी पळेनात. पण गर्दी झाल्याने खाण्यावरून चढाओढ वाढली, सरडे अशक्त झाले आणि नरांच्या पंख्यावरचे रंग फिके पडले. पवनचक्कीचे पाते आणि सरड्याच्या गळ्यावरचा निळा रंग यांचा असा संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. पवनचक्क्या नगर जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवरही उभ्या आहेत. तिथल्या सरड्यांकडेही अशीच बारीक नजर जायला हवी.

रात्री माळ तरसाचा असतो. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे पाठ उतरती. मानेवर आयाळ, अंगावर पट्टे. रूप असे की पाहणारा दचकतो. त्याच्या हसण्याच्या गोष्टी आपल्याकडे परदेशी चित्रपटांतून आल्या. हसल्यासारखा आवाज काढतो तो आफ्रिकेचा ठिपकेदार तरस, आपला पट्टेवाला बहुतांशी मुकाच. जनावर मेले की गावाबाहेर टाकायचे आणि ते सकाळपर्यंत नाहीसे व्हायचे, या जुन्या व्यवस्थेत त्याचा वाटा मोठा. हाडे फोडून खातो, पचवतो, म्हणून त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते.

माणसांच्या शेजारी राहणाऱ्या अशा मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत नगर जिल्ह्यानेच जगाला एक धक्का दिलेला आहे. अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी उसाच्या फडांत, वस्त्यांच्या आसपास कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि तितकेच तरस निघाले. आणि हे जंगलात नव्हे, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या मुलखात. बिबट्यांच्या खाण्यात सर्वाधिक वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. अलीकडे नगर, पुणे, नाशिक पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे आणि लेकरे गेली आहेत. ज्या घरातले मूल गेले त्या घराला सहजीवनाचे धडे देण्याचा हक्क कुणालाच नाही. हल्ले टाळायचे तर वस्तीवर दिवे, बंदिस्त गोठे आणि शौचालये हवीत, आणि ती तातडीने हवीत. मात्र हा प्राणी ‘बाहेरून सोडला’ ही अफवा त्या अभ्यासाने निकालात काढली आहे. तो कित्येक वर्षांपासून इथेच, उसात, पिल्ले वाढवत राहतो आहे.

माळढोकाबद्दल लिहायला घेतले की हात जड होतो. उभा राहिला तर मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत; उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड जातींपैकी एक. विणीच्या काळात नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती पोटाच्याही खाली लोंबते, शेपटी पाठीवर उलटी उभी राहते आणि घुमल्यासारखा ‘हूम’ असा आवाज दूरवर जातो. त्या आवाजावरूनच त्याचे दुसरे मराठी नाव ‘हूम’. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून ज्याचे नाव सुचवले होते तो हाच. १९६३ साली मान मोराला मिळाला.

१९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचा टापू माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नगरमधले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे हे तालुके त्यात आले. हेतू चांगला होता, पण नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी त्या रेघेच्या आत लाखो माणसांची शेती, घरे, बाजारपेठा आहेत हे ध्यानात घेतले नाही. जमिनीचे व्यवहार अडले, कामे अडली आणि ज्या पक्ष्याला शेतकरी शेजारी मानत होता तो त्याला आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा वाटू लागला. पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर गवताळ माळ उसाखाली, विहिरींखाली आणि विजेच्या तारांखाली गेला होता. माळढोकाला बाजूचे छान दिसते, समोरचे फार थोडे. जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. तो तारांवर जाऊन आदळतो. १९६९च्या सुमारास देशात १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता. आज दीडशेच्या आसपास आहेत आणि बहुतेक राजस्थानात. सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. महाराष्ट्राने हा पक्षी जवळजवळ गमावला आहे, आणि त्यात शिकाऱ्याइतकाच वाटा माळाला पडीक समजणाऱ्या नजरेचा आहे.

त्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली झाले, क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत काळवीट टिकले, वाढले आणि आजूबाजूच्या शिवारातही पसरले. लहान, नीट आखलेले आणि गावाला झेपणारे क्षेत्र काय करू शकते ते पाहायचे असेल तर रेहेकुरीला जावे.

गमावलेला जीव परत सापडतो, असेही कधी कधी घडते. वनपिंगळा नावाचे छोटे, दिवसाढवळ्या फिरणारे घुबड १८८४नंतर कुठल्याच अभ्यासकाला दिसले नव्हते. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने गोळा केलेले नमुने संग्रहालयात होते. मध्ये १९१४ सालची एक गुजरातेतली नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याची. अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा पक्ष्याचे कातडे भरण्याची धाटणी डेव्हिडसनची निघाली. अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने भरून, स्वतःच्या नावावर खपवला होता. खोटी नोंद बाजूला केल्यावर शोध घ्यायची खरी जागा कळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर वनपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यात तानसालाही तो आढळला. शहाद्याच्या सातपुड्यात राहणाऱ्या माणसांनी त्याला मधल्या काळातही पाहिले असणारच. त्यांना कुणी विचारले नव्हते.

विंचवाला आवडता प्राणी म्हणणे अवघड आहे. पण ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याने केली त्याने विंचवीण जवळून पाहिली होती यात शंका नाही. ती थेट पिल्लांना जन्म देते आणि पांढरी, मऊ पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर दाटीवाटीने बसून राहतात. पिल्ले आईला खातात, हा समज खोटा. अतिनील दिव्याच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. आपल्याकडचा लाल विंचू मात्र जगातल्या घातक विंचवांपैकी आहे. त्याच्या विषाने रक्तदाब भडकतो, फुप्फुसात पाणी भरते, हृदय थकते. एके काळी कोकणात गंभीर दंशाच्या रुग्णांतले शंभरातले तीस-चाळीस दगावत. जालना जिल्ह्यातून महाडच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून गेलेले हिंमतराव बावस्कर यांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून हे विष शरीरात काय करते त्याच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिले. १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे काम छापले, आणि मृत्यूचे प्रमाण अगदी खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात तास घालवू नये, थेट दवाखाना गाठावा.

तिसगावहून शेवगावकडे वळले की काही अंतरावर जायकवाडीचा नाथसागर लागतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. मान खाली घालून, चोच उलटी करून, गाळातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा हा पक्षी पिल्लपणी राखाडी असतो. गुलाबी रंग त्याला खाण्यातून मिळतो. दुष्काळी तालुक्याच्या शिवेवर हे गुलाबी थवे उतरतात, ही धरणाची न मोजलेली मिळकत आहे.

नव्याने सापडणाऱ्यांची रांगही संपलेली नाही. मुंबईत जोगेश्वरीला अंधांच्या संस्थेच्या विहिरीत, जमिनीखालच्या अंधारात राहणारा, डोळेच नसलेला लालसर रंगाचा वाम-माशासारखा एक मासा मिळाला आणि २०२२ साली त्याला मुंबादेवीवरून ‘रक्तामिक्थिस मुंबा’ हे नाव मिळाले. त्याआधी वर्षभर, २०२१ साली, ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका कोळ्याला २६/११च्या रात्री कसाबची बंदूक न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले, ‘इशियस तुकारामी’. दीड-दोन कोटींच्या शहरात असे जीव निघत असतील, तर ज्या माळांवर कुणी वही घेऊन फिरलेलेच नाही तिथे काय असेल, हा प्रश्न पाथर्डी-शेवगावच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या मुलांनी मनावर घ्यावा. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मृगाच्या पहिल्या आठवड्यात बॅटरी घेऊन रोज रात्री एकाच बांधावरून फिरायचे आणि दिसेल ते तारखेनिशी लिहून ठेवायचे. पाच वर्षांत त्या वहीची किंमत लाखमोलाची होईल.

आणि नांगराच्या तासात मांडूळ निघाले, विहिरीत घोरपड पडली किंवा रस्त्यावर खवले मांजर अंगाचा चेंडू करून बसलेले दिसले, तर त्याचा फोटो गटागटांत फिरवू नये. ठिकाण कळले की पोते घेऊन येणारे आधी पोहोचतात. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. त्यावर फोन करावा आणि वन विभागाचा माणूस येईपर्यंत त्या जिवाजवळ थांबावे.